साध्या शब्दांचा पाठलाग करणारा मास्तर : जेम्स मरे



मुलांना इंग्रजीतले कोणते शब्द अवघड जातात, असं पालकसभेत विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. एलिफंट, अम्ब्रेला, ब्युटिफुल, नॉलेज. म्हणजे ज्याचं स्पेलिंग लांब तो शब्द अवघड. पण जरा विचार करून पाहा. एलिफंट म्हणजे हत्ती. एकदा पाठ झालं की झालं, आयुष्यभर तो हत्तीच राहतो. खरी पंचाईत करतात ते इवलेसे शब्द. सेट, पुट, टेक, रन, गेट, डू. सूर्य सेट होतो, जेली सेट होते, जेवणाचं टेबल सेट करतात, गजर सेट करतात, परीक्षेचा पेपर सेट करतात, कपबशांचा सेट असतो आणि टेनिसमध्येही सेट असतो. आता सेट या शब्दाचा अर्थ वहीत काय लिहून द्यायचा?

आपण बहुतेक वेळा एक अर्थ लिहून देतो आणि पुढे जातो. मुलाला पुढच्या इयत्तेत तोच शब्द वेगळ्या अर्थाने भेटतो आणि ते गोंधळतं. आपल्याला वाटतं, याचा शब्दसंग्रह कच्चा आहे.

या साध्या शब्दांच्या मागे आयुष्याची छत्तीस वर्षं घालवणारा एक माणूस होऊन गेला. त्याचं नाव सर जेम्स ऑगस्टस हेन्री मरे. आज ज्याला ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी म्हणतात, त्या महाकोशाचे हे संपादक. आडनाव ऐकून वर्गातली मुलं हसतील. हसू द्या, त्यामुळे नाव लक्षात तरी राहील. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगायची म्हणजे, हा माणूस मुळात आपल्यातलाच. शाळामास्तर.

जेम्स यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८३७ रोजी स्कॉटलंडमधल्या डेनहोम या खेड्यात झाला. हे खेडं हॉइक गावाजवळ, टेव्हियट नदीच्या काठच्या भागात. वडील थॉमस मरे शिंपीकाम करायचे. घरी खाऊनपिऊन सुखी म्हणावं इतकंच. मुलाला पुढे शिकवायला पैसे नव्हते, म्हणून चौदाव्या वर्षी जेम्सची शाळा सुटली. शाळा सुटली, पण शिकणं काही सुटलं नाही. पंधराव्या वर्षापर्यंत पोराने लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन, इटालियन एवढ्या भाषांशी चांगली ओळख करून घेतली होती. पुस्तक मिळेल तिथून मिळवायचं आणि वाचायचं. दगड, झाडं, जुने अवशेष, तारे, सगळ्यात नाक खुपसायचं. गावच्या गाईंना लॅटिनमध्ये हाक मारली तर त्या ओ देतात का, हेही त्याने करून पाहिलं अशी गोष्ट सांगतात.

सतराव्या वर्षी हॉइकच्या शाळेत सहायक शिक्षक आणि विसाव्या वर्षी तिथल्याच दुसऱ्या एका शाळेचे मुख्याध्यापक. आपल्याकडे वीस वर्षांचं पोरगं डीएडच्या दुसऱ्या वर्षाला सराव पाठ घेत असतं, हे आठवलं की गंमत वाटते.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. १८६२ साली मॅगी स्कॉट या संगीतशिक्षिकेशी लग्न झालं. मुलगी झाली, पण ती तान्ही असतानाच गेली. पाठोपाठ मॅगी क्षयाने आजारी पडल्या. थंड स्कॉटलंड सोडून दक्षिणेला जा, असा सल्ला मिळाला. उपचाराला आणि परगावी राहायला पैसा लागतो. मुख्याध्यापकाची खुर्ची सोडून मरे लंडनला आले आणि एका बँकेत कारकून झाले. ती बँक होती चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना. एवढं करूनही मॅगी वाचल्या नाहीत. १८६५ मध्ये त्या गेल्या.

दोन वर्षांनी त्यांनी एडा रुथव्हेन यांच्याशी लग्न केलं. इथे आपल्या महाराष्ट्राशी एक बारीकसा धागा जुळतो. एडा यांचे वडील ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत होते, म्हणजे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सोडणाऱ्या कंपनीच्या. लग्नात नवरदेवाच्या बाजूला उभा होता अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल, पुढे टेलिफोनचा शोध लावणारा. बेल यांच्या वडिलांकडे मरे उच्चारशास्त्र शिकले होते आणि लहान बेलला विजेचे प्राथमिक धडे मरे यांनी दिले होते. चांगल्या मास्तरचा विद्यार्थी कुठे पोचेल सांगता येत नाही!

बँकेत जीव रमत नव्हता. त्यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीसाठी अर्ज केला. आपल्याला कोणकोणत्या भाषा येतात याची लांबलचक यादी त्या अर्जात होती आणि तिच्यात संस्कृतचाही उल्लेख होता. नोकरी मिळाली नाही. पदवी नव्हती ना! कागद नाही म्हणून ज्ञान मोजलं गेलं नाही, हे आपल्यापैकी अनेकांना ओळखीचं वाटेल. १८७० मध्ये ते लंडनजवळच्या मिल हिल शाळेत पुन्हा शिक्षक झाले. नोकरी करता करता १८७३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची बीए पदवी घेतली. त्याच वर्षी दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीवरचं त्यांचं पुस्तक निघालं. आपल्या गावची भाषा ही अशुद्ध इंग्रजी नाही, तिला स्वतःचं व्याकरण आणि इतिहास आहे, हे त्यात दाखवलेलं होतं. या पुस्तकामुळे भाषाअभ्यासकांमध्ये त्यांचं नाव झालं.

आता मुख्य कामाकडे येऊ. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने, म्हणजे भाषाअभ्यासकांच्या मंडळाने, नव्या इंग्रजी कोशाचा विचार सुरू केला. (योगायोग पाहा, मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्तीही मुंबईत १८५७ मध्येच निघाली.) मंडळाची कल्पना साधी पण अचाट होती. शब्दाचा अर्थ संपादकाने मनाने ठरवायचा नाही. जुन्या-नव्या पुस्तकांतून तो शब्द वापरलेली वाक्यं गोळा करायची, तारखेप्रमाणे लावायची आणि अर्थ कसा जन्मला, कसा वळला, कधी मेला ते दाखवायचं. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज तिशीतच वारले. नंतरचे फर्निवॉल उत्साही होते, पण पसारा त्यांना आवरला नाही. वीस वर्षांत ढीगभर चिठ्ठ्या जमल्या, कोशाचं पान मात्र एकही छापलं गेलं नाही.

१ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसबरोबर करार झाला आणि संपादक म्हणून जेम्स मरे यांची नेमणूक झाली. चार खंड, साधारण सात हजार पानं, मुदत दहा वर्षं. शाळेची नोकरी सांभाळून हे करायचं होतं.

आधीच्या मंडळींनी जमवलेल्या चिठ्ठ्या गाड्या भरून आल्या. वजन सुमारे दोन टन. पोती उघडली तर एकात मेलेला उंदीर, दुसऱ्यात एक उंदरीण पिलांसह संसार थाटून बसलेली. काही अक्षरांच्या चिठ्ठ्या बेपत्ताच. एच अक्षर शोधता शोधता इटलीत फ्लॉरेन्सला सापडलं. पी अक्षराच्या काही चिठ्ठ्या आयर्लंडमध्ये एका तबेल्यात मिळाल्या. घरात एवढी जागा कुठली? मरे यांनी शाळेजवळच्या घराच्या अंगणात पत्र्याची शेड उभारली आणि तिला मोठं भारदस्त नाव दिलं, स्क्रिप्टोरियम. भिंतीला १,०२९ खण ठोकले. एकेका खणात एकेका शब्दगटाच्या चिठ्ठ्या.

चिठ्ठ्या लावायला बसल्यावर त्यांच्या लक्षात जे आलं, त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

वाचकांनी दुर्मिळ, विचित्र, जुनाट शब्द भरभरून पाठवले होते. रोजचे शब्द कोणी टिपलेच नव्हते. मरे यांनी स्वतः दिलेलं उदाहरण आहे. अब्यूझन हा कोणी न वापरणारा जुना शब्द, त्याच्या जवळपास पन्नास चिठ्ठ्या होत्या. आणि अब्यूझ हा सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द, त्याच्या पाचसुद्धा नव्हत्या! कारण उघड आहे. वाचताना अनोळखी शब्दाला आपण अडखळतो आणि तो टिपतो. ओळखीच्या शब्दावरून नजर घसरून जाते. तो आपल्याला येतो असंच आपण धरून चालतो.

वर्गातही हेच होतं. धडा शिकवताना आपण नवीन शब्द फळ्यावर लिहितो. टेक, पुट, गेट हे शब्द फळ्यावर येतच नाहीत, कारण ते दुसरीतच झालेले असतात. मुलाच्या वहीत अब्यूझन पन्नास वेळा आणि अब्यूझ शून्य वेळा, असा प्रकार.

मरे यांनी एप्रिल १८७९ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या आणि वाचणाऱ्या जगाला उद्देशून एक आवाहन छापलं. दुकानांतून, वाचनालयांतून, वर्तमानपत्रांतून ते पसरलं. पुस्तकं वाचा आणि शब्द वाक्यासह टिपून पाठवा. त्यात खास सांगितलं होतं की साध्या शब्दांची वाक्यंही जमतील तितकी पाठवा, विशेषतः ज्या वाक्यातून शब्दाचा अर्थ आपोआप उलगडतो अशी. चिठ्ठीचा आकार ठरलेला. वरच्या कोपऱ्यात शब्द, मग साल, लेखक, पुस्तक, पान आणि खाली ते वाक्य. मोबदला काही नाही. तरीही शेकडो लोक कामाला लागले. शिक्षक, पाद्री, डॉक्टर, घरी असणाऱ्या बायका, अमेरिकेतले प्राध्यापक.

या लोकांपैकी दोघांबद्दल सांगायला हवं. डॉ. विल्यम मायनर यांच्यावर पुस्तक आणि चित्रपट झाल्यामुळे बऱ्याच जणांना ते माहीत असतील. श्रीलंकेत जन्मलेले हे अमेरिकन लष्करी डॉक्टर. मानसिक आजाराच्या भरात लंडनमध्ये त्यांच्या हातून एका निरपराध माणसाचा खून झाला आणि ते ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात बंदिस्त होते. तिथल्या खोलीत बसून त्यांनी हजारो चिठ्ठ्या पाठवल्या. त्यांची पद्धत फार हुशारीची होती. आपल्या पुस्तकांची शब्दसूची करून ठेवायची आणि सध्या कोणत्या शब्दावर काम चालू आहे असं विचारून नेमकी त्याच शब्दाची वाक्यं पाठवायची. ऐन गरजेच्या वेळी हाती येणारी वाक्यं ती. मरे त्यांना भेटायलाही गेले होते.

दुसरे फिट्झएडवर्ड हॉल. यांच्याबद्दल कमी बोललं जातं. मला मात्र हे जास्त महत्त्वाचे वाटतात. मूळचे अमेरिकन. तरुणपणी भारतात आले, संस्कृत शिकले आणि बनारसच्या सरकारी कॉलेजात शिकवलं. पुढे इंग्लंडमध्ये प्राध्यापक झाले, पण तिथे भांडणं झाली, बदनामी झाली आणि ते सफोकमधल्या एका खेड्यात एकटे जाऊन राहिले. त्या खेड्यातून वीस वर्षांच्या आसपास ते रोज कित्येक तास कोशाची प्रुफं तपासत होते आणि सुटलेली वाक्यं भरत होते. एक पैसा घेतला नाही. मरे आणि ते एकमेकांना कधी भेटले नाहीत. सगळा व्यवहार टपालाने.

आता शेडमधलं काम कसं चालायचं ते बघू. समजा, टेक हा शब्द आला. हजारो चिठ्ठ्या. सहायक त्या आधी तारखेप्रमाणे लावायचे. मग प्रत्येक वाक्यात टेक नेमकं काय काम करतोय ते बघून ढीग वेगळे करायचे. हा ढीग हाताने पकडण्याचा. हा स्वीकारण्याचा. हा सोबत नेण्याचा. हा औषध घेण्याचा. हा वेळ लागण्याचा. मग कोणता ढीग आधीचा आणि कोणता त्यातून फुटला, ते ठरवायचं. टेकच्या मुळाशी हात लावणे, स्पर्श करणे असा अर्थ सापडतो. हात लावला, मग पकडलं, मग आपल्याकडे घेतलं, मग बरोबर नेलं. पुढे तर फोटोही टेक करतात आणि परीक्षाही. टेक ऑफ म्हणजे बूट काढणं आणि विमानाचं उडणंसुद्धा. टेक आफ्टर म्हणजे आईवर जाणं. एका झाडाच्या फांद्याच या.

प्रत्येक ढिगासाठी व्याख्या लिहायची मरे यांनी. व्याख्या अशी हवी, की ढिगातल्या सगळ्या वाक्यांना लागू पडेल आणि शेजारच्या ढिगाला लागू पडणार नाही. करून बघा एकदा. मराठीत करून बघा. लागणे हा शब्द घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, वेड लागते, चहा गोड लागतो, वेळ लागतो, आंब्याला मोहोर लागतो, पाऊस लागतो, दार लागतं, तो माझा चुलतभाऊ लागतो. लागणेची एका ओळीत व्याख्या कोण करेल? आपल्याला हे सगळं न शिकवता येतं, कारण लहानपणापासून ही वाक्यं कानावर पडली. इंग्रजी घरात नसलेल्या मुलाच्या कानावर टेकची वाक्यं पडलेलीच नसतात. आणि आपण त्याला देतो एक अर्थ. टेक म्हणजे घेणे.

मरे यांची चिठ्ठ्यांची पद्धत चौथी-पाचवीच्या वर्गात सहज करता येते. महिनाभरासाठी एकच शब्द घ्यायचा. पुस्तकात, दुकानाच्या पाटीवर, बिस्किटाच्या पुड्यावर, मोबाइलवर तो जिथे दिसेल तिथून वाक्य उतरवून चिठ्ठी डब्यात टाकायची. शनिवारी डबा जमिनीवर ओतायचा आणि मुलांनीच ढीग करायचे. हा कोणत्या ढिगात, यावर मुलं भांडायला लागली की समजायचं, काम झालं. खर्च शून्य, आणि पाटी-पुड्यावरचं इंग्रजी मुलं स्वतः वाचायला लागतात ते वेगळंच.

असो, पुन्हा मरे यांच्याकडे. पहिला भाग छापून बाहेर पडला १८८४ च्या सुरुवातीला. ३५२ पानं. ए पासून अँट या शब्दापर्यंत. दहा वर्षांच्या मुदतीतली पाच वर्षं संपली होती आणि गाडी मुंगीपर्यंत आली होती, तीही मुंगीच्याच पावलांनी! प्रेसचे विश्वस्त अस्वस्थ झाले. वर्षाला ७०४ पानं झाली पाहिजेत, असा हिशोब त्यांनी मांडला. पण ब्लॅक या एका शब्दाच्या परिवारावर एका सहायकाचे तीनेक महिने गेले. काळा. पहिलीच्या मुलाला येणारा शब्द!

खर्चाची सगळी ओढाताण मरे यांच्या डोक्यावर. करारातल्या पैशातून सहायकांचे पगारही त्यांनीच द्यायचे. काम लांबलं की कमाई घटणार, असं ते विचित्र गणित होतं. सरकारने पुढे वर्षाला २५० पौंडांचं मानधन सुरू केलं म्हणून संसार तरला. संसारही मोठा, सहा मुलगे आणि पाच मुली. अकराही मुलं मोठी झाली, त्या काळात हे विशेषच. प्रत्येकाला खाऊचे पैसे मिळवायचे तर चिठ्ठ्या अक्षरानुसार लावायला बसावं लागे. थोरला हॅरल्ड पुढे बुद्धिबळाचा मोठा इतिहासकार झाला आणि १९१३ च्या त्याच्या ग्रंथात हा खेळ मूळ भारतातला असल्याचं त्याने सविस्तर मांडलं. ढिगातून मूळ शोधायची सवय घरातच लागली असणार.

१८८५ मध्ये शाळेची नोकरी सोडून मरे कुटुंब ऑक्सफर्डला, ७८ बॅनबरी रोडवर राहायला गेलं. तिथेही अंगणात पत्र्याची शेड बांधायची ठरली. शेजारी राहणाऱ्या प्राध्यापक महाशयांना खिडकीतून ती शेड दिसणं पसंत नव्हतं. म्हणून ती दोन-तीन फूट जमिनीत खोल बांधावी लागली. परिणाम काय, तर ओल आणि गारठा. हिवाळ्यात मरे अंगावर जाड कोट चढवून आणि गार वारा लागू नये म्हणून पाय खोक्यात ठेवून काम करायचे. जगाच्या भाषेचा कोश चाललाय आणि संपादकाचे पाय खोक्यात!

टपाल इतकं यायचं-जायचं की पोस्टखात्याने त्यांच्या घरासमोर लाल टपालपेटीच उभी केली. पाकिटावर मिस्टर मरे, ऑक्सफर्ड एवढंच लिहिलं तरी पत्र पोचायचं. ऑक्सफर्ड विद्यापीठाने मात्र त्यांना आपलं मानायला फार वेळ घेतला. तिथल्या कुठल्याही कॉलेजचं फेलोपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९०८ मध्ये सरकारने सर ही पदवी दिली. ऑक्सफर्डची मानद डॉक्टरेट आली ती १९१४ साली, मृत्यूच्या एक वर्ष आधी. हे वाचताना मला राग येतो. विद्यापीठाचं नाव जगभर घरोघरी नेलं ते एका शाळामास्तरने, आणि विद्यापीठाच्या लेखी तो बाहेरचाच.

कोशात चुका नव्हत्या का? होत्या. बाँडमेड, म्हणजे दासी, हा शब्द छापायचाच राहून गेला. त्या शब्दाच्या चिठ्ठ्या कुठेतरी गहाळ झाल्या होत्या. तो भाग छापल्यावर हे लक्षात आलं आणि मरे यांना ते फार लागलं. अपेंडिसायटिसचा किस्सा आणखी मजेदार. हा फारच डॉक्टरी शब्द आहे, कोशात नको, असा वैद्यकीय सल्ला मिळाल्याने तो गाळला. आणि १९०२ च्या जून महिन्यात राजा सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक अपेंडिसायटिसमुळेच पुढे ढकलावा लागला. रातोरात तो शब्द घराघरात बोलला जाऊ लागला आणि सगळ्यात मोठ्या कोशात तो नव्हता. कोणता शब्द रोजचा आणि कोणता तज्ज्ञांचा, याची हद्द अशी सरकत असते. आपल्याकडे लॉकडाउन आणि क्वारंटाइन हे शब्द २०२० च्या मार्चमध्ये आठवडाभरात तिसरीच्या मुलांच्या तोंडी आले, तेव्हा मला हा किस्सा आठवला होता. इंग्रजी शब्दसंग्रहाला मध्यभाग आहे, पण त्याला काठ नाही, असं मरे यांनी कोशाच्या प्रास्ताविकात मांडून ठेवलं होतं.

काम एकट्याने संपणारं नव्हतं. पुढे हेन्री ब्रॅडली, विल्यम क्रेगी आणि चार्ल्स अनियन्स हे संपादकही जोडीला आले. त्यांच्यात अक्षरं वाटून घेतली गेली. सुरुवातीचा सेट हा शब्द ब्रॅडली यांच्या वाट्याला आला. मरे यांच्याकडे ए ते डी, एच ते के, ओ, पी आणि टी. म्हणजे कम, कट, डू, हॅव, होल्ड, कीप, पुट, टेक. साध्या क्रियापदांची ही रांग बघा. त्या सगळ्यांचे ढीग या माणसाच्या टेबलावरून गेले. पूर्ण कोशाचा जवळजवळ निम्मा भाग त्यांच्या हातचा आहे.

ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे १९१७ पर्यंत, कोश पुरा करायचा असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ते जमलं नाही. पहिल्या महायुद्धात तरुण सहायक एकेक करून निघून गेले. मरे आजारी होते, तरी शेडमध्ये येत राहिले. त्यांचा शेवटचा भाग ट्रिंक ते टर्नडाउन. टर्न हा शब्द त्यातच येतो. वळणे, वळवणे, पान उलटणे, पाळी येणे, दूध नासणे, वयाची चाळिशी गाठणे, केस पांढरे होणे. साधा चार अक्षरी शब्द, आणि त्याचीही पानंच्या पानं. २६ जुलै १९१५ रोजी ऑक्सफर्डला घरी त्यांचं निधन झालं. वुल्व्हरकोटच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

कोश पुरा झाला १९२८ च्या एप्रिल महिन्यात. चारांचे दहा खंड झाले होते आणि दहा वर्षांची एकोणपन्नास. ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ वाक्यं. मरे यांची मुलगी रॉसफ्रिथ शेवटपर्यंत त्या कामावर होती. राहिलेला बाँडमेड १९३३ च्या पुरवणीत आला.

साध्या शब्दांचा पाठलाग अजून संपलेला नाही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद सेटची होती, एकट्या क्रियापदाचे ४३० अर्थ. नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं तेव्हा रन या शब्दावर एक संपादक नऊ महिने बसले होते आणि अर्थ निघाले सहाशेच्या वर. नाक रन होतं, नळ रन होतो, रंग रन होतो, दुकान रन करतात, मोबाइलमध्ये ॲप रन होतं.

ऑक्सफर्डमधली ती ओलसर शेड आता नाही. ७८ बॅनबरी रोडसमोरची लाल टपालपेटी मात्र अजून उभी आहे.